फेन्नाला राणी व्हायचं होतं

"फेन्ना किती गोड आहे ना!" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, गोड काय गोड! जी बाई सगळ्यांची अडलेली कामं तोंडातून ब्र न काढता करते, तिला गोड म्हणायचं आणि पुढचं काम तिच्या पुढ्यात सरकवायचं, ही जगाची रीतच आहे. मी फेन्नाला सोळा वर्षं ओळखते. ती गोड नाही. चिवट आहे, मिस्कील आहे, आणि एकदा नाही म्हणाली की नाही. फक्त ते नाही तोंडातून बाहेर पडायला तिची साठी उलटावी लागली, एवढंच.

फेन्ना फ्रीसलँड या कालव्यांच्या प्रांतातल्या एका लहान गावात पूल उघडते. तीच तिची नोकरी. एप्रिल उजाडला की ती कालव्याकाठच्या त्या काचेच्या खोलीत जाऊन बसते, ती ऑक्टोबरपर्यंत. शिडाची होडी आली की घंटा वाजवायची, रस्त्यावर आडवे दांडे पाडायचे, बटण दाबून पूल उभा करायचा, होडी गेली की परत खाली घ्यायचा. पुलाचे पैसे घ्यायला तिच्याकडे लांब काठी आहे. काठीला दोरी आणि दोरीला एक जुना लाकडी बूट. बूट झुलवत होडीवर सोडायचा, होडीवाला त्यात नाणं टाकतो. ओळखीचे असले तर नाण्याबरोबर पेपरमिंटची एखादी गोळीही टाकतात. त्या गोळ्यांनी तिची मोठी बरणी भरलेली असते. आपण भेटायला गेलो की ती बरणी पुढे करते, आपण एक गोळी घेतो, आणि झाकण लागतं. दुसरी मिळत नाही. मला तर सोळा वर्षांत कधी मिळालेली नाही.

दोन होड्यांच्या मधल्या वेळात ती आमच्या जगात असते.

आमचं जग म्हणजे काय, तर लिहिण्याचा खेळ. आम्ही नऊ जण आहोत, देशभर विखुरलेले. इंटरनेटवर एक मुलूख रचायचा, त्यात किल्ले, जंगलं, चेटकिणी, ड्रॅगन. प्रत्येकाने त्यातला एक माणूस व्हायचं, आणि तो काय करतो, काय बोलतो ते लिहायचं. मग दुसऱ्याने आपल्या माणसाचं लिहायचं. मी लिहिलं की मी तलवार चालवली, तर ती तुला लागली की नाही हे तू लिहिणार. दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, हा आमचा धर्म. माझं ग्रोनिंगनला सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. पण तिथे मी एकाक्ष सरदारीण होते आणि माझ्या नावाने गावं रिकामी व्हायची. माझा नवरा म्हणतो, "मरायके, इथे एक गिऱ्हाईक तुला घाबरत नाही." घाबरतात. त्याला माहीत नाही.

आमच्या पहिल्या, जुन्या जगात आम्ही सगळे कोणी ना कोणी बडे होतो. फेन्ना मात्र जे लागेल ते असायची. आम्ही दमून खाणावळीत शिरलो की खाणावळवाली फेन्ना. तुरुंगात पडलो की जेलर फेन्ना. सुईण फेन्ना, वेशीवरचा पहारेकरी फेन्ना, एकदा तर प्रेतही फेन्नाच झाली होती. आणि पाच वर्षं ती बेरेंडचा घोडा होती.

हा बेरेंड झ्वोलचा निवृत्त मुख्याध्यापक. आवाज असा, की बोलायला लागला तर स्क्रीनमधून थुंकी उडेल असं वाटतं. खेळात तो परागंदा सम्राट. त्याला घोडा हवा होता, फेन्ना घोडा झाली. पण ती झाली म्हणजे असा घोडा, की पेपरमिंट दिल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही! सम्राटाने कूच करा म्हणून आरोळी ठोकली की घोडा ढिम्म. मग भर युद्धात सम्राट खिसे चाचपतोय. आम्ही हसून हसून मरायचो. शेवटी एका खिंडीत बाण लागून तो घोडा मेला. फेन्नाने त्याचं मरण सातच ओळींत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बेरेंडचा तिला फोन. हा एवढा दांडगा माणूस, फोनवर हुंदके देत होता. एका न दिसलेल्या घोड्यासाठी! मला हसू नाही आलं. मीही रडले होते.

मग ते जग ज्या माणसाच्या संगणकावर होतं, त्याने बकऱ्या पाळायला घेतल्या आणि संगणक बंद केला. झालं. आमचे किल्ले, खाणावळी, घोड्याची समाधी, सगळं एका दुपारी गेलं. आम्ही ठरवलं, नवं जग रचायचं, आणि या वेळी सगळ्यांनी मिळून, आधी नीट ठरवून.

इथेच आम्ही फसलो. आम्ही पडलो या बांध-कालव्यांच्या देशाची माणसं. चार डोकी जमली की आधी सभा, मग कॉफी, मग पुढच्या सभेची तारीख. दर रविवारी सकाळी स्क्रीनवरच्या नऊ चौकटींत नऊ तोंडं आणि नऊ कप. नियम असा की सगळ्यांना पटलं तरच ठरलं. कोणी नुसतं "हं..." म्हटलं की विषय पुढच्या रविवारी. त्यातून बेरेंडचा "हं" म्हणजे काय विचारता! नमनालाच घडाभर तेल गेलं ते पाण्यात. ड्रॅगनचा मुलूख, पण आमच्या पहिल्या कित्येक सभा बांध कुठे घालायचे आणि पावसाचं पाणी कोणत्या कालव्याने काढायचं यावर गेल्या. राजा कोण ते ठरायच्या आधी बांधांची देखभाल करणारं मंडळ ठरलं, आणि ड्रॅगनने बांधावर बसायचं नाही, वजनाने खचतो, हा कायदाही झाला. नकाशा काढणारा वाउट, उत्रेख्तचा दातांचा डॉक्टर, स्वभावाने फार सभ्य. तो बिचारा दर आठवड्याला नदी खोडून परत काढायचा.

नदीवर पूल हवा की नको, यावरही चर्चा झाली. तेव्हा फेन्ना पहिल्यांदा बोलली. "पूल नको रे बाबांनो. पूल मी रोज बघते." म्हणून पूल गेला आणि एका ठिकाणी पलीकडे जायला नावेचा घाट आला. बाकी नदी खोल.

आणि एक नियम वाउटने घातला. जुन्या जगात आम्ही वाटेल तेव्हा नोकरचाकर उभे करायचो आणि मारून टाकायचो. त्याला ते फार लागायचं. म्हणून ठरलं, नव्या जगात ज्याला तोंड आहे त्याला धनी हवा. म्हणजे बोलणारा प्रत्येक जीव आमच्यातल्या कोणीतरी आपला म्हणून लिहायचा. फुकटची माणसं नाहीत. किती सुंदर वाटला होता तेव्हा हा नियम! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी आम्ही फेन्नाच्या गावी जमलो. वर्षातून एकदा आम्ही असे खरेखुरे भेटतो, गावच्या समाजघरात. घट्ट वाटाण्याचं सूप होतं, काळा पाव, त्यावर डुकराच्या मांसाच्या चकत्या. विषय एकच होता: कोण कोण होणार. बेरेंड सम्राट, तेही पुन्हा परागंदा. वाउट आपलं कूळ न कळलेला राजपुत्र. आणखी दोन राजपुत्र निघाले, त्यांनाही कूळ कळलेलं नव्हतं. मी सरदारीण, आता दोन्ही डोळे शाबूत.

"आणि मला राणी व्हायचंय," फेन्ना म्हणाली.

वाउट हसला. त्याला विनोद वाटला.

"कुणाची राणी?" बेरेंडने विचारलं.

"कुणाची म्हणजे? राणी. मुकुटवाली. कुणाची बायको नाही."

"अगं, मग खाणावळ कोण बघणार?"

"मला काय ठाऊक! उपाशी राहा."

सगळे चमचे थांबले. फेन्नाने सूप बाजूला सारलं. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "दिवसभर लोक माझ्या समोरून जातात. मी पूल उचलते, ते हात हलवतात, पुढे जातात. मला आवडतं ते, तक्रार नाही. पण आपल्या जगातही मी सोळा वर्षं दारंच उघडतेय. तुम्ही आत जाता, गोष्ट तुमच्याबरोबर पुढे जाते, आणि मी कडी लावून घेते. एकदा मला जायचंय पलीकडे. माझ्यासाठी कोणीतरी वाट उघडावी. एवढंच."

"आणि नाही जमलं तर?" वाउटने हळूच विचारलं.

"तर तुम्ही खेळा. मी रागावणार नाही. पण मी नसेन."

आणि मग तो आवाज आलाच.

"हं..." बेरेंड म्हणाला.

माझी सटकली. "बेरेंड, त्या तुझ्या 'हं'चं आता लोणचं घाल! पाच वर्षं तिच्या पाठीवर बसून हिंडलास!"

"अगं, बोलू तरी दे मला! एका राज्याला सम्राट आणि राणी दोन्ही कसे चालतील? मी म्हणतो, राणी होऊ दे. पण हद्दपार झालेली. नदीच्या त्या तीरावर. स्वतःच्या पायांनी परत येऊ दे."

"चालेल," फेन्ना म्हणाली. "यायचंच तर आहे मला."

मी टेबलाखालून तिचा हात दाबला.

मे महिन्याच्या एका रविवारी जग उघडलं. आमच्याकडे वाढदिवसाला करतात तसं आम्ही सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, आपापल्या घरी केक कापला, आणि लिहायला बसलो. दुपारपर्यंत नऊ जणांचं लिहून झालं. कोणी धुक्यातून आलं, कोणी जखमी घोड्यावरून, कोणी डोक्यावरून टोपी ओढून. आणि सगळे आले ते एकाच ठिकाणी, नदीच्या त्या तीरावर, नावेच्या घाटापाशी. कारण परागंदा व्हायची हौस सगळ्यांनाच होती, आणि परत यायला वाट एकच होती. नाव पलीकडच्या काठाला बांधलेली. नावाडी नाही.

नावाड्याला तोंड असतं, म्हणजे धनी हवा. आणि आमच्यात नावाडी कोणी झालंच नव्हतं! दोन हिवाळे आम्ही सांडपाण्यापासून ड्रॅगनच्या वजनापर्यंत सगळं ठरवलं, आणि नाव कोण वल्हवणार ते राहिलं. तू राणी, मी राणी, पाणी कोण आणी?

पोहून जायला नदी खोल, तीही आम्हीच केलेली. सोमवारी सगळ्यांनी वाऱ्याचं वर्णन केलं. मंगळवारी आपापल्या दुःखी बालपणाचं. बुधवारी एका राजपुत्राने पुन्हा वाऱ्याचं केलं. मी तर वैतागून चिलीम पेटवली, आयुष्यात कधी ओढली नसताना.

आणि मग सुरू झाली फेन्नाची मनधरणी. प्रत्येकाने तिला गुपचूप निरोप धाडला, आपण एकटेच धाडतोय अशा समजुतीत. 'फक्त एकदा गं.' 'पाच ओळी लिही, बस.' 'तुझ्यासारखा नावाडी कोणाला जमणार?' वाउटने लिहिलं की हे असंच चाललं तर तो कंटाळून जाईल, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे जातील. सभ्य माणसाची धमकीही सभ्य असते, पण धमकी ती धमकीच. बेरेंड तेवढा गप्प होता. मला वाटलं, मिशीत हसत असेल.

गुरुवारी मी दुकान नवऱ्यावर टाकलं, सायकल आगगाडीत चढवली आणि फेन्नाचा पूल गाठला. ती काचेच्या खोलीत बसलेली. बरणी पुढे आली, मी एक गोळी घेतली, झाकण लागलं. मग तिने टॅबलेट माझ्याकडे वळवला. तिने लिहिलं होतं: 'पलीकडच्या काठावर नावाड्याने शीळ घातली आणि नाव पाण्यात लोटली.' अजून पाठवलेलं नव्हतं.

"पाठवू?" तिने विचारलं.

"खबरदार!"

"अगं मरायके, पण जग बंद पडेल. दोन वर्षं घातली आपण त्यात. एका नावाड्याने माझं काय झिजणार आहे? राणी काय, नंतरही होता येईल."

"नंतर म्हणजे कधीच नाही. आज नावाडी झालीस की उद्या खाणावळ, परवा तुरुंग. तुला चांगलं माहितेय."

"माहितेय." तिने चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसत राहिली, नको तितका वेळ. "पण माझ्यामुळे सगळे तिथे ताटकळत उभे आहेत, हे मला बघवत नाही. कोणी पुलापाशी थांबलं की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. काय करू? सोळा वर्षांची नाही, जन्माची खोड आहे."

मला तिला हलवावंसं वाटलं. आणि खरं सांगते, मला भीतीही वाटली, कारण ती पाठवणार हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात कालव्यातून भोंगा वाजला. निळी होडी, शिडाची, मागे डोळ्याला दुर्बीण लावलेले आजोबा. फेन्ना उठली. घंटा, दांडे, बटण. पूल हळूहळू उभा राहिला. ती बाहेर जाऊन काठी घेऊन वाकली, लाकडी बूट झुलत खाली गेला, खळकन नाणं पडलं. आजोबांनी खिसा चाचपून एक गोळीही टाकली. होडी निघून गेली. फेन्ना आत आली, बूट खुंटीला लावला, पूल खाली घ्यायला बटणाकडे हात नेला, आणि टॅबलेट वाजला.

बेरेंडने लिहिलं होतं.

आधी एक सूचना: 'सम्राटांना पडसं झालं आहे. ते मागच्या गावात अंथरुणाला खिळून आहेत आणि मी सांगेपर्यंत उठणार नाहीत.' आणि त्याखाली:

'धुक्यातून एक नाव आली. वल्ह्यावर एक म्हातारा नावाडी होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला आणि आवाज फार मोठा. त्याच्या काठीच्या टोकाला लाकडी बूट झुलत होता. "कोण ओरडतंय? बहिरा नाही मी! हे एवढे राजपुत्र इथे वाळत का घातलेत? मागे व्हा सगळे. आधी राणीसरकार." त्याने फळी काठावर टाकली आणि हात पुढे केला. "या. जपून, फळी ओली आहे. पैसे नकोत. माझा एक घोडा होता, पेपरमिंट दिल्याशिवाय पाऊल न उचलणारा. तो गेल्यापासून माझा खिसा रिकामा आहे. असेल तर तेवढी एक गोळी टाका."'

फेन्ना खाली बसली. तिने ते एकदा वाचलं, मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते तिने पुसलंही नाही. मग नाक ओढत म्हणाली, "वल्ह्यावर आहे, तर हातात काठी कुठून आली? दोन्ही कसं धरलंय त्याने?"

"फेन्ना!"

"नाही, नाही. काही बोलत नाही मी. छान धरलंय." आणि तिचं स्वतःचं, न पाठवलेलं नावाड्याचं वाक्य तिने पुसून टाकलं. एका बोटाने, एकेक अक्षर. मग राणी म्हणून लिहायला बसली.

बाहेर सायकलींच्या घंटा वाजायला लागल्या. मी काचेतून पाहिलं. पूल अजून आभाळाकडे तोंड करून उभा! दांड्याच्या अलीकडे सायकलवाल्यांची रांग, त्यांच्या मागे पावाची गाडी, मागे ट्रॅक्टर. कालव्यात दोन्हीकडे एकही होडी नाही.

"फेन्ना, पूल!" मी म्हणाले.

"असू दे."

"अगं, लोक खोळंबलेत!"

"बघितलं मी."

ट्रॅक्टरवरचा माणूस उभा राहून ओरडला, "अगं बाई, झोपलीस का काय?"

फेन्नाने खिडकी सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. "थांबा जरा!" ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी नदीच्या मधोमध आहे!"

त्या माणसाने रिकाम्या कालव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बसला. सायकलवाल्यांनीही घंटा थांबवल्या. एका बाईने डबा उघडून पाव खायला घेतला.

फेन्नाने शेवटची ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. 'राणी नावेतून पलीकडे उतरली, मागे वळली आणि तिने लाकडी बुटात पेपरमिंटच्या दोन गोळ्या टाकल्या.'

"दोन?" मी म्हणाले. "मला सोळा वर्षांत कधी—"

"तू मला कधी पलीकडे सोडलंयस?" ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं. पूल हळूहळू खाली आला, दांडे वर गेले, आणि लोक पलीकडे जायला लागले.